पंचवीसचा डाव

बस इथे, ब्लॉनिड. ती नको, ती खुर्ची मॉसकाकाची.
दारात त्याचे बूट वाजले की पानं वाटायची,
तोवर शिकून घे.

पाच पानं प्रत्येकाला. आधी तीन, मग दोन.
एकेक वाटलंस तर अख्ख्या केरीत
तुला कुणी पुन्हा पिसायला देणार नाही.
उरलेल्या गड्डीवरचं पान उलट. किलवर.
म्हणजे या डावाला किलवर हुकूम.

आता लीड्समध्ये शिकलीस ते विसर.
हुकमाचा एक्का सगळ्यांत मोठा, असं जग म्हणतं.
इथे तो चौथा.
वर पंजी.
हो, पंजी, जिला दुसऱ्या कुठल्या डावात
कुणी हिंग लावून विचारत नाही,
ती इथे राजाच्या टाळक्यावर बसते.
तिच्याखाली गुलाम.
तिसरा बदामाचा एक्का. हुकूम कुठलाही असो,
हा आपला कायम हुकमातच,
प्रत्येक सरकारात मंत्री असणाऱ्या माणसासारखा.

साध्या पानांत लालांतली मोठी थोर, काळ्यांतली छोटी.
चौकटची दश्शी दुर्रीला मारते,
इस्पिकची दुर्री दश्शीला.
का, ते विचारू नकोस.
मी विचारलं होतं गॉबनटआत्याला,
याच टेबलावर, नऊ वर्षांची असताना.
ती म्हणाली, "पाऊस खाली का पडतो?"
आणि माझ्यासमोरून हात उचलून नेला.

ज्याला हुकमाचा एक्का आला त्याने ते उलटं पान लुटायचं,
बदल्यात एक नको ते सोडायचं.
शब्द लुटणं हाच आहे. फादर क्विल्टीसुद्धा लुटतात.

एक हात म्हणजे पाच. आधी पंचवीस ज्याचे, बशी त्याची.
हुकमाची उतारी आली तर हुकूम द्यावाच लागतो.
फक्त वरच्या तिघांना सवलत:
आपल्याहून लहान हुकमासाठी त्यांनी उठायचं कारण नाही.
पंजी छातीशी धरून गप्प बसता येतं.
याला लबाडी म्हणत नाहीत.

पण पंजी उतरली, की गुलामाला उठावंच लागतं.
हे नीट ऐक, कारण यावरून
माझा बाप आणि मॉसकाका अकरा वर्षं बोलले नाहीत.

नाताळातला टर्कीचा डाव, चर्चच्या हॉलमध्ये.
मॉसचे वीस. तुझ्या आजोबांनी पंजी उतरली,
त्यांचेही वीस झाले.
मॉसने त्या पंजीवर टाकली चौकटची तिर्री,
आणि शेवटच्या हाताला गुलाम आपटला.
टर्की मॉसच्या घरी गेली.
ती कुणी खाल्ली नाही म्हणतात. मला खरं वाटत नाही,
मॉस खाणारच.

तरी दर गुरुवारी दोघं इथे यायचे.
शब्द नाही. पण पान टाकताना
बोटांची पेरं अशी आदळायची
की बशीतली नाणी उडायची.
आत्या म्हणायची, बोलले असते तर एवढे बोलले नसते.

आजोबा गेले त्या रात्री
पेटी पलीकडच्या खोलीत, आणि इथे आम्ही जागे, पानं खेळत.
मॉसने वाटली. तीन, मग दोन,
आणि या कोपऱ्यावर, जिथे तुझं कोपर आहे,
एक वाटा जास्तीचा.
तो रात्रभर तसाच पालथा राहिला.
पहाटे कपबशा विसळताना मी उलटून पाहिला.
लालांतली लहान, काळ्यांतली मोठी. एकही हुकूम नाही.
मला बरं वाटलं.
बाबांना नेहमी असलीच पानं यायची.

वाजले बघ बूट.
पिस. अगं, इतकं हळू नाही, पानं म्हणजे अंडी नव्हेत.
आणि एक सांगते. आज तुला गुलाम आला
आणि त्याने पंजी उतरली, तर दाबून ठेवू नकोस.
ठेवलास तरी तो काही म्हणणार नाही आता.
तेच मला बघवणार नाही.

तीन. मग दोन.